ट्रॅकर ओ देत नाही

(बाजारचा दिवस, कळमनुरीतलं परमेश्वराचं कम्प्युटरचं दुकान.)

परमेश्वर: मसाजीकाका, तुमी कितीबी येळा विचारा, उत्तर तेच. मेलंय ते. बघा, स्क्रीनवर लाल झालंय.

मसाजी: लाल झालं म्हणून मेलं? माझा भाऊ लखमा अर्ध्या अंगानं लुळा पडला, बोलणं गेलं, तरी म्या त्याला मेला म्हणलो का?

परमेश्वर: तसं न्हाई काका. लखमाकाकाच्या ओव्या हायत कुठंतरी. विद्यापीठाच्या पोरांनी टिपल्या आन् चार जणांच्या कम्प्युटरवर ठेवल्या. पण त्या कुणाकुणापाशी हायत, हे सांगणारा एक कम्प्युटर असतो. ट्रॅकर म्हणतात त्याला. तोच ओ देऊन न्हाई राहिला.

मसाजी: मग त्या पोरांना फोन लाव.

परमेश्वर: लावला ना. एकाचा बंद, दुसरा भलत्याच माणसाला लागतो, तो शिव्या देतो. ही बघा, सुकन्या आली. त्या ओव्या इकडं उतरवून घ्यायचा हा प्रोग्राम कॉलेजात असताना हिनंच लिवला. आता बहिणीलाच विचारा, माझा पिच्छा सोडा.

सुकन्या: रामराम काका. दादा, काकांना पाणी तरी दिलंस का?

मसाजी: पाणी राहू दे, पोरी. तुझं मशीन माझ्या लखमाचा आवाज देऊन न्हाई राहिलं. नांदेडचा डॉक्टर म्हणला, बोलणं गेलेला माणूस कधी कधी स्वतःच्या गाण्यानं बोलता होतो. पण लौकर ऐकवा म्हणला, उशीर झाला की मग अवघड. आन् आवाज तर त्या पोरांपाशी.

सुकन्या: थांबा, बघते... हं. काका, यात मशीनचा दोष नाही. माझा आहे.

परमेश्वर: घ्या! कबूल झाली.

सुकन्या: प्रोग्राम त्या ट्रॅकरला तीनदा हाक मारतो. ओ आली नाही की त्याचं नाव खोडतो. पुन्हा कधी विचारतच नाही.

मसाजी: तीनच येळा काहून?

सुकन्या: खरं सांगू? परीक्षेला सरांपुढं पटकन चालवून दाखवायचा होता. बंद दारापुढं कोण ताटकळत बसणार, असं वाटलं मला तेव्हा.

परमेश्वर: मग आता असं कर, दर मिनिटाला हाक मारायला लाव. देत न्हाई म्हणजे काय?

सुकन्या: तेही नको. तुझ्यासारखे आणखी पन्नास जण असतील की त्याच्या दारात. तो उठला रे उठला की सगळे एकदम तुटून पडतील, आणि बिचारा पुन्हा आडवा होईल.

मसाजी: ते बराबर हाय. सकाळी वाघरीचं जाळं उचललं आन् मेंढरं एकदम सोडली, तर तोंडाशीच चेंगरतात. कोकरं खाली येतात.

सुकन्या: अगदी तसंच. दादा, हा लाल झाला कधी? आधी कधी हिरवा दिसला होता?

परमेश्वर: परवा दुपारी. इवलुसा हिरवा झाला आन् तेवढ्यात लाईट गेली.

सुकन्या: कुणाची?

परमेश्वर: कुणाची म्हणजे? आपली. लोडशेडिंग. आख्ख्या कळमनुरीची.

सुकन्या: पण आपला कम्प्युटर तर इन्व्हर्टरवर आहे. तो चालूच राहिला असेल.

परमेश्वर: व्हय, कम्प्युटर चालू होता.

सुकन्या: आणि नेटचं मोडेम?

परमेश्वर: ते... ते न्हाई इन्व्हर्टरवर. तिथं पंखा लावलाय. गिऱ्हाईक उकाड्यानं पळतं ना!

सुकन्या: अरे देवा! म्हणजे नेट आपलं गेलं, आणि प्रोग्राम तीनदा हाका मारून मोकळा झाला. ऐकू जाणार तरी कुणाला? आपल्याच घरात अंधार, आणि नाव खोडलं त्याचं.

मसाजी: म्हणजे तो जिता हाय?

सुकन्या: असू शकतो, काका. हा पत्ता कुणाच्या तरी घरातल्या कम्प्युटरचा आहे, आपल्याच भागातला. तिथंही लोडशेडिंग असणारच. आपली लाईट असते तेव्हा त्याची नसेल, त्याची येते तेव्हा आपली जात असेल. दोघंही जिवंत, पण गाठच पडत नाही.

परमेश्वर: मग आता काय करायचं म्हणतीस?

सुकन्या: नाव खोडायचं नाही. रांगेत मागं सरकवायचं फक्त. आधी आपलं नेट चालू आहे का ते बघायचं, मगच हाक मारायची. ओ नाही आली तर थोड्या वेळानं, मग आणखी थोड्या वेळानं, अंतर वाढवत जायचं, पण थांबायचं नाही. आणि सगळ्यांनी एकाच ठोक्याला नाही, जरा मागंपुढं. एवढं मी आज लिहून टाकते. बाकीचं तुझ्या हातात आहे, दादा.

परमेश्वर: माझ्या? मला कुठं लिवता येतंय?

सुकन्या: पंखा काढ आणि मोडेम लाव.

परमेश्वर: एप्रिलात? येडी झालीस का? दुकान बंद पडंल माझं!

मसाजी: परमेश्वरा, म्या वारा घालीन गिऱ्हाईकाला. पुठ्ठ्यानं.

परमेश्वर: काय काका तुमी... हे घ्या, काढला. आता उकडून मेलो तर माझ्या ओव्या तुमीच म्हणा.

(पुढचा बाजारचा दिवस. तेच दुकान, पंखा बंद. खुर्चीत लखमा.)

परमेश्वर: काल दुपारी इथली लाईट गेली, सगळ्या गल्लीत शुकशुकाट, आन् हे एकदम हिरवं! म्या वरडलोच. रात्री सगळं उतरलं, तेवा कुठं घरी गेलो.

सुकन्या: मला तर याची हाक आमच्या गल्लीपर्यंत ऐकू आली. लखमाकाका, नीट बसलात ना? लावू का?

मसाजी: लाव. लखमा, इकडं बघ. तुझाच गळा हाय.

परमेश्वर: वा! काय खणखणीत आवाज... आन् हे काय? थांबलं काहून? अडकलं का गं?

सुकन्या: नाही, फाईल पूर्ण आहे. चालू आहे.

मसाजी: अडकलं न्हाई. लखमा थांबलाय. त्यानं ओळ सोडायची आन् मागून म्या झील धरायची, असंच जलमभर चाललं. ती विद्यापीठाची पोरं ओव्या टिपाया आली त्या दिशी म्या मेंढरं घेऊन सिद्धेश्वर धरणाकडं होतो. मागं कुणीच नव्हतं, तरी माझी जागा सोडून राहिला बघा.

सुकन्या: मग आता धरा की तुम्ही झील.

मसाजी: न्हाई निघत. हा पडल्यापासून माझाबी गळा बसलाय. रडू येतंय नुसतं.

परमेश्वर: दुसरी ओळ सोडली. पुन्हा थांबला बघा.

सुकन्या: छान काका! हळू का होईना, धरलीत की झील.

मसाजी: म्या न्हाई, पोरी. म्या गप हाय.