‘सोपी’ टाकून द्या म्हणे

—नाही हो बाई, होणार नाही असं कुठं म्हणालो मी? होईल की. त्या मोठ्या कंपनीची विकतची नवी सिस्टीम तुमच्या या लॅपटॉपला झेपणार नाही, ‘सोपी’ झेपेल, आणि फुकट आहे, सगळं खरं. मी फक्त एवढंच विचारलं, की ‘सोपी’च टाका असं सांगितलं कुणी? शाळेत सगळ्यांकडे तीच आहे? हो, असणारच. आता दवाखान्यात ‘सोपी’, ग्रंथालयात ‘सोपी’. बसा, ती खुर्ची घ्या, हलते जरा, पण पडत नाही. लावतो मी. तुमच्या फायली काढून ठेवल्यात ना दुसरीकडे? शाबास.

ही सिस्टीम कुणी केली माहितेय? पेपरात फोटो येतो तो — टक्कल पडायला लागलंय, हसतो फार — तो बारक्या, माझा मावसभाऊ. त्यानं केली असं सगळे म्हणतात. म्हणू देत. दुकानाच्या या पडद्यामागे खोली आहे ना, तिथं आम्ही दोघं बसायचो. आतलं सगळं यंत्र, म्हणजे सिस्टीम चालवणारा प्रोग्राम, मी लिहिला, बाई. बटण दाबलं की चहाचा घोट घशाखाली उतरायच्या आत सुरू! त्या काळात! आणि बारक्या काय करायचा? प्रश्न विचारायचा. ‘दादा, माझ्या आईनं यावर प्रिंटर कसा जोडायचा?’ मी म्हटलं, चार ओळींच्या आज्ञा टाइप करायच्या, शिकेल मावशी. ‘दादा, तिच्या जुन्या फायली उघडतील का? अक्षरं तुटतात बघ.’ अरे, अक्षरांचं काय घेऊन बसलास, वेग बघ! तर म्हणे, ‘वेग तुला दिसतो दादा, तिला प्रिंटर दिसतो.’ — हे असलं बोलणं. डोकं फिरायचं माझं. शेवटी एकदा म्हटलं, तुला मावशीसाठीच करायचंय तर तिच्याच स्वयंपाकघरात बसून कर. गेला. खरंच गेला हो! आणि फुकटची सिस्टीम, कुणीही घ्यावी आणि बदलावी, असं मीच लिहून ठेवलेलं. त्यानं घेतली.

मग काय केलं त्यानं? काही नाही! माझ्या यंत्राला झगा चढवला. कंपनीच्या सिस्टीममध्ये बटणं जिथं असतात तिथंच ठेवली, म्हणजे कुणाला बिचकायला नको. दारोदार फिरून प्रिंटर जोडत बसला. लॅपटॉप विकणाऱ्यांच्या मागे लागला, की आधीच घालून विका, घरी नेऊन कोण टाकत बसतंय? आणि फोन. कुणाचंही काहीही अडलं की हा फोन उचलतो. यात बुद्धी कुठं आहे, सांगा ना? नाही, सांगा!

आमची ही दवाखान्यात हिशेब बघते. परवा घरी आली ती खुशीत — ‘अहो, आज बिलं छापायची अडली होती, मी भावोजींना फोन केला, दोन मिनिटांत सुटलं.’ भावोजींना! घरात नवरा कॉम्प्युटरवाला बसलाय! मी म्हटलं, मला का नाही केलास? तर म्हणते, ‘तुम्ही आधी रागावता.’ एवढंच म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. मी जेवलोच नाही. म्हणजे जेवलो, पण... जाऊ द्या.

झालं, लागली बघा. वेग बघा! हा वेग माझा आहे. — अहो, तिकडे काय दाबताय? ‘या सिस्टीमविषयी’ कुणी उघडून बघतं का? बंद करा ते. हो, हो, ते माझंच नाव. पहिलंच. ‘मूळ रचना’ — आणि खाली ‘यांच्याशिवाय हे झालं नसतं.’ माहितेय मला. नवी आवृत्ती आली की पहिल्यांदा तेच उघडतो मी. म्हणतो, या वेळी काढलं असेल. काढायला हवं ना? आपल्याला कुणी एवढं बोलल्यावर कुणीही त्याचं नाव काढेल! काढलं की मी मोकळा — मग चारचौघांत बिनघोर चोर म्हणेन त्याला. पण काढत नाही हो. दरवेळी आहेच. वर बायकोकडे निरोप, की दादाला म्हणावं, वेगाचं काम अडलंय, येशील का.

मी? मी कशाला जातोय! काय बोलू तिथं जाऊन, मावशीचा प्रिंटर—

नाही, पैसे राहू द्या. चार्जर विसरू नका. आणि काही अडलं तर फोन त्याला करा, मला नको. तो उचलतो. निघा तुम्ही, बाई, मला कुलूप लावायचंय.