बाळंतिणीचं राहिलेलं पूजन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या ओढ्याच्या वाळूचे ठेकेदार माननीय तात्याराव, बदलीवर निघालेले आपले तहसीलदार भगवानराव साहेब, परवाच रुजू झालेले नवे तहसीलदार साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आणि सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या शेवरवाडीच्या मायबहिणींनो व बंधूंनो,

सरपंच या नात्याने मला बोलायला उभं केलं आहे. फक्त चांगलं बोला, असं अध्यक्षांनी मघाशीच बजावलं. तसंच बोलतो.

आधी तात्यारावांचे उपकार. दूर कुठंतरी विजेचं केंद्र उभं राहतंय, त्याला आपल्या ओढ्याची वाळू हवी, आणि त्या विजेचा पहिला दिवा शेवरवाडीत लागणार, असं त्यांनी याच शाळेत सांगितलं होतं. खालच्या अंगाची वाळू त्यांनी पार खडकापर्यंत उपसली आणि देवगाव फाट्यावरून रवाना केली. दिवा अजून वाटेत असावा. तोवर हा लाउडस्पीकर त्यांच्याच ट्रकच्या बॅटरीवर चालू आहे, याबद्दल गाव त्यांचं आभारी आहे. पूर्वी तिथं भर उन्हाळ्यात हातभर वाळू उकरली की झिऱ्याला गोड पाणी लागायचं. आता खड्डे आहेत, आणि काठच्या विहिरी आटल्या आहेत. पण प्रगती म्हटल्यावर थोडी तहान सोसायला नको का?

राहिला वरचा पट्टा, पाण्यातल्या देवींच्या, साती आसरांच्या दगडांजवळचा. गावाच्या पिण्याचं पाणी आता तेवढंच.

आता भगवानराव साहेबांविषयी. अत्यंत सज्जन अधिकारी. त्यांच्या हातून आमच्या गावात एकच चूक झाली, आणि निरोपाच्या दिवशी ती सांगितली नाही तर मला अन्न गोड लागणार नाही.

खालची वाळू संपली त्या वर्षी तात्यारावांचे ट्रक वरच्या पट्ट्याकडे निघाले. सोबत साहेब होते. वाटेत आमच्या धुरपताबाई आडव्या बसल्या. त्यांची सून कुसुमबाई नुकतीच बाळंत झाली होती. आपल्याकडची रीत सर्वांना ठाऊक आहे. बाळंतीण पाणी पुजल्याशिवाय पाणवठ्यावर पाय ठेवत नाही, घागर उचलत नाही. धुरपताबाईंनी विचारलं, माझ्या सुनेनं अजून पाणी पुजलं नाही, त्याच्या आधी तुमची चाकं त्या पाण्यात कशी जातील? साहेब देवभोळे. ते सगळ्या गावासमोर म्हणाले, "बाईंचं पाणी पुजून होईपर्यंत एकही ट्रक ओढ्यात उतरणार नाही."

साहेबांना वाटलं असेल, चार-आठ दिवसांची गोष्ट आहे. तात्यारावांनीही मान डोलावली. मंडळी, ते पूजन अजून व्हायचं आहे.

त्याला आमचा इलाज नाही. आधी अमावास्या आली. मग भावकीत सुतक आलं. मग पूजनाला कुसुमबाईंच्या भावानं माहेरची साडी आणायची, तर तो ऊसतोडीला गेलेला. परत आला तेव्हा साडीचा रंग धुरपताबाईंना पसंत पडेना. साहेब दर उन्हाळ्यात यायचे, पूजन झालं का म्हणून विचारायचे, आणि मान हलवून परत जायचे. एका वर्षी आम्हाला कारणच सुचेना. तेव्हा साहेब आपणहून म्हणाले, "यंदा अधिक महिना आहे ना हो?" होता की नव्हता, आम्ही पंचांग उघडून पाहिलं नाही.

ते बाळ आता बालवाडीत जातं. साहेबांची बदली लांबच्या तालुक्याला झाली आहे. ती कोणाच्या शब्दावरून झाली, हे विचारायची ही जागा नव्हे. अध्यक्ष शेजारीच बसले आहेत.

हसू नका. या चुकीची किंमत एका घरानं मोजली आहे. सून घागर उचलू शकत नाही, म्हणून इतकी वर्षं त्या घरचं पाणी सासू वाहते आहे. धुरपताबाईंचे गुडघे गेले आहेत. काल नवे साहेब आणि तात्याराव त्यांच्या घरी गेले, मीही होतो. तात्यारावांनी कुसुमबाईंपुढे जरीची साडी ठेवली. म्हणाले, मीच भाऊ समज, उद्या पाणी पूज, म्हातारीचे हाल थांबव. धुरपताबाई साडीकडे बघत राहिल्या. खरं सांगतो, मलाही वाटलं, आता पुरे. त्या म्हातारीकडे बघवत नव्हतं. नवे साहेब कुसुमबाईंना म्हणाले, पोरगं शाळेत जातं, तुम्ही किती दिवस बाळंतीण राहणार?

कुसुमबाईंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "वढ्यात वाळू हाय तवर मी बाळंतीनच हाय. साडी घिऊन जावा, दादा."

धुरपताबाई उठल्या, घागर घेतली आणि वरच्या पट्ट्याची वाट धरली.

नव्या साहेबांचा निर्णय अजून व्हायचा आहे. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, की जुन्या साहेबांची ती एक चूक त्यांनीही करावी. भगवानराव साहेब, आपण जिथं जाल तिथं सुखी राहा. गाव आपल्याला विसरणार नाही.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि आपल्या सर्वांचे आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्यावं. आणखी एका गोष्टीची माफी मागायची आहे. चहाला थोडा उशीर होईल. पाणी आणायला धुरपताबाई गेल्या आहेत.