जावईबापू पाण्यात आहेत

...नाही, चूक माझीच होती असं सगळे म्हणतात, म्हणू देत, पण तुम्हाला सांगतो, स्वच्छता हा गुन्हा कधीपासून झाला? चष्म्याचं दुकान आहे माझं. एकतीस वर्षं. काचा पुसणं हा माझा धंदा. काचेवर बोटाचा एवढासा ठसा दिसला तरी मला घास गिळवत नाही, आणि मला, मला हो, माझ्याच घरात माझी बायको सांगते, ‘त्या काचेला हात लावलात तर याद राखा...’

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही तिच्याच बाजूला जाल.

हे सगळं सुरू केलं आमच्या साडूंनी. साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचे यजमान. त्यांची झाली बदली. बदली झाली की माणूस सामान बांधतो, आमचे साडू सामान वाटतात. कोणाला शिडी, कोणाला कुंड्या, आणि आमच्या गळ्यात काय? तर तीन फुटी काचेची टाकी. मी म्हणालो, अहो, आम्ही दोनच माणसं घरात, मुलगी लग्न होऊन गेली, आम्हाला कशाला हा व्याप? तर साडू टेम्पोतून उतरता उतरता म्हणतात कसे, ‘साडूभाऊ, कुत्रा पाळलात तर त्याला फिरवायला लागतं, मांजर पाळलंत तर ते तुम्हाला फिरवतं. माशांना लागतं काय? नुसतं पाणी!’

नुसतं पाणी. लक्षात ठेवा हे.

पहिलं काय लागलं? टेबल. आमचं जुनं टेबल होतं, त्यावर टाकी ठेवून अर्धी भरली, तर टेबल असा एक आवाज करून शेजारच्या भिंतीला टेकलं, म्हाताऱ्या माणसानं जिना चढून उभं राहावं तसं. सुताराला बोलावलं. सुतार म्हणाला, भरल्यावर लिटर किती? मी म्हणालो, शंभर. तो म्हणाला, म्हणजे शंभर किलो झालं, वर काच, वर खडे... तुम्ही मासे ठेवताय की गोदाम काढताय? त्यानं लोखंडी पायांचा स्टँड करून दिला. मग लागला फिल्टर, पाणी गाळायला. मग लागला हवेचा पंप, कारण माशांना पाण्यातसुद्धा हवा लागते, घ्या! मग दिवा. मग हीटर, पाणी कोमट ठेवायला. मग थर्मामीटर, हीटर खरं बोलतोय का ते बघायला. एवढ्या सगळ्याला प्लग कुठून आणायचे? तर वायरमन. तो सगळं बघून हळूच म्हणाला, घरात कार्य आहे का काही? मी म्हणालो, नाही हो, मासे यायचेत. त्यानं माझ्याकडे जे बघितलं ना...

माशांना लागतं काय? नुसतं पाणी!

बरं, आता मासे आणावेत की नाही? गेलो माशांच्या दुकानात. तो दुकानदार म्हणजे अजब माणूस. गिऱ्हाइकाकडे बघतच नाही, टाक्यांकडे बघत बोलतो, आणि बोलतो इतका सावकाश की दोन शब्दांच्या मध्ये माणसानं घरी जाऊन यावं. ‘टाकी... नवीन आहे ना? मग महिनाभर... नुसती चालू ठेवा. पाणी... मुरू द्या.’ मी म्हणालो, पाणी मुरू द्यायचं? अहो, आमच्या बिल्डिंगमध्ये पाणी मुरलं की भांडणं होतात! कारण खरंच झाली होती. आमच्या बाथरूमचं पाणी खालच्या बाईंच्या छतात मुरलं, त्यावरून त्यांचा आमचा अबोला. चार वर्षं. या बाई शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या, आता निवृत्त, सगळे त्यांना बाईच म्हणतात. चार वर्षं जिन्यात समोरून आल्या की भिंतीकडे बघत खाली उतरायच्या. अगदी पाण्यात पाहायच्या आम्हाला.

तर महिनाभर आम्ही पाणी सांभाळलं. नुसतं पाणी! दिवा लावलाय, बुडबुडे येतायत, आत कोणी नाही. पाहुणे यायचे, वाकून बघायचे, विचारायचे, मासे कुठेत? ही म्हणायची, यायचेत. जणू गावाला गेलेत.

महिन्यानं आले. बारा गप्पी, दोन काळे मोली, एक तो काच चाटत फिरणारा, आणि एक एंजल. चपटा, रुपेरी, उभे काळे पट्टे, पंख असे झुलपासारखे. आला तो थेट टाकीच्या मध्यभागी जाऊन उभा राहिला. हलेना. बाकीचे बिचारे कडेकडेनं. खाणं टाकलं की आधी हा खाणार, मग बाकीचे. खाल्लं की पुन्हा मध्यभागी, चेहऱ्यावर असा भाव, की ठीक आहे, पण आमच्या घरी याहून बरं असतं. ही म्हणाली, अगदी जावईबापू! झालं, नाव पडलं.

आणि तुम्हाला सांगतो, तेव्हापासून आमच्या घरात आवाज यायला लागला. मुलगी गेल्यापासून आम्ही दोघं म्हणजे... मी पेपर, ही टीव्ही, मध्ये घड्याळ. आता सकाळी मी दाढी करतोय तर बाहेरून हिचं सुरू. उठलात का? आज पोट बरं आहे ना? त्या मोलीला का ढुशी दिलीत? मी सुरुवातीला आतून उत्तरं द्यायचो. नंतर कळलं, मला विचारतच नाहीये.

दोन महिने असे मजेत गेले. मग तो रविवार आला.

ही एका लग्नाला गेली होती दोन दिवस. मी टाकीसमोर खुर्ची टाकून बसलो, तर काय दिसलं? काचेवर हिरवट थर. खड्यांत गाळ. फिल्टर उघडला, तर त्यातला स्पंज... काय सांगू, गटाराच्या तोंडाशी सापडलेला मोजा असावा तसा. एकतीस वर्षं काचा पुसणारा माणूस मी! म्हटलं, ही परत यायच्या आत टाकी अशी करतो, की मासे हवेत तरंगतायत असं वाटलं पाहिजे. मासे बादलीत काढले. सगळं पाणी ओतून दिलं. खडे उकळत्या पाण्यात टाकले. स्पंज नळाखाली धरून पिळला, पुन्हा पिळला, स्वच्छ पांढरं पाणी येईपर्यंत पिळला. काच तर मी दुकानातल्या फडक्यानं पुसली. नळाचं ताजं पाणी भरलं, मासे सोडले. लखलखीत! ही आली, बघतच राहिली. म्हणाली, अहो, किती छान. लग्नानंतर एवढ्या मनापासून हिनं माझं कौतुक दुसऱ्यांदा केलं. पहिल्यांदा कधी केलं होतं ते विचारू नका, तेव्हा तिची माणूस ओळखण्यात चूक झाली होती.

बुधवारी पाणी दुधाळ झालं. कोणीतरी पेलाभर दूध ओतावं तसं. मासे सगळे वर, पृष्ठभागाशी, तोंडं उघडी. आणि जावईबापू एका कोपऱ्यात, पंख मिटून, तिरके. हिनं बहिणीला फोन केला, म्हणाली, जावईबापूंचं काही खरं नाही गं, दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत, नुसतं तोंड उघडं टाकून वर बघतायत. बहिणीला कुठे माहीत जावईबापू कोण? तिनं फोन केला आमच्या मुलीला. मुलीनं केला मला, दुकानात. रडवेली. ‘बाबा, यांना काय झालंय, हे तर माझ्यासमोर बसून जेवतायत.’ मी गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा तसाच अर्धवट ठेवून तिला समजावत होतो, की अगं, ते जावई वेगळे, हे पाण्यातले. गिऱ्हाईक उठून गेलं.

माशांना लागतं काय? नुसतं पाणी! मी साडूंना फोन लावला, ऐकवायला. त्यांनी उचलला नाही.

दुपारीच घरी आलो. ही टाकीपुढे बसलेली, माझ्याकडे बघेना. एवढंच म्हणाली, ‘तुम्ही हौसेनं केलंत, म्हणून मला काही बोलताही येत नाही.’ बोलली असती तर बरं झालं असतं हो. मनात आलं, हे गेले तर पुन्हा मी, ही आणि घड्याळ.

आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. आता इथे एक गंमत आहे, मला तेव्हा माहीत नव्हती. हवेचा पंप टाकीच्या खाली जमिनीवर ठेवलेला असला, की वीज गेल्यावर त्याच्या नळीतून टाकीतलं पाणी उलटं खाली वाहायला लागतं. थांबवायला नळीत बोटाच्या पेराएवढी एक झडप बसवायची असते. साडूंनी टाकी दिली होती. झडप दिली नव्हती. आम्ही दोघं वर माशांकडे बघतोय आणि खाली स्टँडमागून पाणी निघालंय, भिंतीच्या कडेनं, आवाज न करता. तोंडचं पाणी पळतं म्हणतात ना, तसं पळालं, माझ्याही आणि माशांच्याही. कळलं कधी? दार वाजलं तेव्हा. दारात खालच्या बाई. छत्री घेऊन. घरातून आल्या होत्या हो, छत्री घेऊन!

चार वर्षांत पहिलं वाक्य. ‘या वेळी निदान बाथरूम तरी सोडायचं होतंत.’

मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्यांची नजर गेली टाकीकडे. चप्पल दारात काढली. सरळ आत आल्या. आधी नळी उपटून हातात दिली माझ्या, पाणी थांबलं. मग चष्मा वर करून टाकीत बघितलं, वास घेतला, आणि वर्गात मागच्या बाकावरच्याला उठवावं तसं मला विचारलं, ‘काय काय धुतलंत?’

मी सांगितलं. एकेक. खडे, स्पंज, काच. मला वाटत होतं, निदान नीटनेटकेपणाचे दोन मार्क मिळतील. बाई ऐकत गेल्या आणि खुर्चीवर बसल्या. मग त्यांनी समजावलं, की तो गाळ म्हणजे घाण नव्हती. त्यात न दिसणारे जंतू राहतात, चांगले, माशांच्या मुताचं विष ते खाऊन टाकतात. महिनाभर पाणी मुरवतात ते त्यांच्यासाठीच. तुम्ही त्यांना उकळलंत आणि नळाच्या क्लोरिनखाली पिळून काढलंत. आता मासे स्वतःच्याच विषात बसलेत. ही एकदम म्हणाली, ‘वाचतील का हो, बाई?’ बाई म्हणाल्या, ‘घाण मिळाली तर वाचतील.’

आणि मग, मंडळी, आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते मी केलं. मी घाण मागायला गेलो. माशांच्या दुकानात जाऊन त्या सावकाश माणसाला म्हणालो, तुमच्याकडचा सगळ्यात जुना, सगळ्यात घाण स्पंज द्या. तो पहिल्यांदा टाकीवरून मान वळवून माझ्याकडे बघत म्हणाला, ‘धुतलंत... ना?’ मी मान खाली घातली. त्यानं आतल्या टाकीतला एक काळाकुट्ट, ठिबकणारा गोळा पिशवीत घालून दिला. ती पिशवी मी छातीशी धरून, धावत, भर रस्त्यातून घरी आणली. वाटेत माझंच एक जुनं गिऱ्हाईक भेटलं, म्हणालं, काय नेताय? मी म्हणालो, औषध.

वीज आली होती. स्पंज फिल्टरमध्ये घातला. नळाचं पाणी बादल्यांत भरून ठेवलं, क्लोरिन उडायला. रोज टाकीतलं पाव पाणी काढायचं, तेवढंच बादलीतलं शिळं घालायचं, माशांचं खाणं बंद. लोक संकटात देव पाण्यात घालून बसतात, आम्ही जावई घालून बसलो. बाई सकाळ-संध्याकाळ वर यायच्या, शाळेतल्या जुन्या बाटल्या काढून पाण्यात थेंब टाकायच्या, रंग बघायच्या, वहीत लिहायच्या. ही त्यांना चहा द्यायची. पहिले दोन दिवस चहा मुकाट्यानं. तिसऱ्या दिवशी ही म्हणाली, तुमच्या छताचं आम्ही तेव्हाच करून द्यायला हवं होतं, चुकलंच. बाई म्हणाल्या, मीही जरा जास्तच बोलले होते. झालं. चार वर्षांचं भांडण दोन वाक्यांत मिटलं. मी मध्ये बादली घेऊन उभा होतो, मला कोणी विचारलं नाही. पाच गप्पी गेले त्यात, ते माझ्याच हातून गेले, ते मी काही नाकारत नाही. पण नवव्या दिवशी सकाळी पाणी निवळलं, आणि जावईबापू कोपऱ्यातून निघाले, सावकाश मध्यभागी आले, पंख पसरले आणि खाणं कुठाय अशा नजरेनं हिच्याकडे बघितलं. ही रडायलाच लागली. बाईंनी चष्मा पुसला. मला पुसायला दिला नाही.

आता काय? आता झडप बसली आहे, छत रंगवून दिलंय, आणि आम्हाला चार वर्षं पाण्यात पाहणाऱ्या बाई रोज संध्याकाळी येऊन आमच्याच पाण्यात पाहत बसतात. दोघींच्या खुर्च्या टाकीपुढे. मी दार उघडून आत येतो, दिवसभर उभं राहून पाय दुखतायत, तर दोघींपैकी एकीची मान वळेल? नाव नको. पण मासे... माझी चाहूल लागली की सगळेच्या सगळे पुढच्या काचेशी धावत येतात. जावईबापूसुद्धा. खाण्यासाठी येतात, कळतं मला, एवढा काही खुळा नाही मी. पण या वयात आपल्याकडे कोणी धावत येत असेल ना, तर माणसानं कारण विचारू नये.