निळ्या नसलेल्या पोकळ्या

डोळ्यांत थेंब घातलेले मास्तर दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसले होते. शेजारी दगड तपासणाऱ्या मॅडम आणि त्यांच्यासाठी दगडाच्या पातळ चकत्या घासणारे काका, यांचं बोलणं चाललं होतं.

“काका, तुमच्या चकतीत नुसत्या पोकळ्या दिसल्या. चुनखडीची अख्खी खाण नापास करतेय.”

“रंग कोणता होता पोकळ्यांचा?”

“रंग नव्हताच. स्वच्छ, गोल होत्या.”

“मग ते बुडबुडे, मॅडम.”

“सूक्ष्मदर्शकात मी बघितलंय, काका.”

“चकती कापायच्या आधी दगडात निळा डिंक मी मुरवतो, तो प्रत्येक पोकळीत भरतो. खरी पोकळी निळी दिसणार म्हणजे दिसणारच. हे बुडबुडे नंतर काचेवर चिकटवताना राहिले.”

“एवढी खात्री?”

“माझ्याच हातचे आहेत. अहवालावर सही केलीत?”

“आता जाऊन करणार.”

“थांबा. नापास मी झालोय, खाण नाही.”