तळाचा सॅमन

(न्यूझीलंड, वानाकाचा तलाव. जुलै २००६, तिथला हिवाळा. रॉसच्या छोट्या मोटरबोटीत रॉस, कल्याणी आणि मुलीकडे पुण्याहून आलेली तिची आई.)

आई : विचार त्याला, अजून किती फेऱ्या? सकाळपासून तळ्याला प्रदक्षिणा चाललीय. देवळात निदान शेवटी प्रसाद तरी मिळतो.

कल्याणी : रॉस, आई सेज इट्स लव्हली.

रॉस : स्वीट ॲज!

आई : मी एवढं बोलले, तू दोन शब्दांत उरकलंस?

कल्याणी : इंग्रजी आखूडच असतं, आई. हा ‘स्वीट ॲज’ म्हणाला ना, म्हणजे ‘मस्तच’. अगं, हिवाळ्यात सॅमन तळाशी जाऊन बसतो. म्हणून शिशाचा गोळा लावून गळ पार खाली सोडायचा आणि बोट हळूहळू हाकायची.

आई : मासा शहाणा म्हणायचा. थंडीत खाली जाऊन गप बसतो. आणि हा बघ! डोंगरावर बर्फ, नि हा चड्डी-चपलेत!

कल्याणी : जँडल्स म्हणतात इथे.

आई : इंग्रजी नाव ठेवलं की बोटं गारठायची राहतात वाटतं? तू हॉस्पिटलातली एवढी मोठी नर्स. आणि नवरा कोण बघितलास, तर बोटवाला. वर घटस्फोट झालेला.

कल्याणी : रविवारी तुझं विमान आहे. जाण्याआधी हो की नाही, एवढं सांग. तू नाही म्हणालीस तर मी नाही करणार लग्न.

आई : मग नाहीच समज.

रॉस : फिश! आई, यू टेक इट!

आई : हा मला आई म्हणतो? कोणी शिकवलं ह्याला?

कल्याणी : आधी काठी धर! ते चाक फिरव, फिरव... आता तो ओढतोय, चाक सोड! पळू दे त्याला!

आई : सोडू? हाताशी आलेला?

रॉस : लेट हिम रन!

आई : मुळीच नाही! अगंबाई!

कल्याणी : तुटली दोरी. गेला.

आई : केवढा होता गं...

रॉस : हँड ओके, आई?

आई : शिव्या घालतोय ना? घालू दे. मला कुठे कळतायत.

कल्याणी : हाताला दोरी काचली का, विचारतोय.

आई : आणि माशाचं काय म्हणाला?

कल्याणी : माशाचं काही नाही.

आई : तू गाळतेस.

कल्याणी : देवाशप्पथ नाही.

आई : दिवसभराच्या खटपटीचा मासा मी घालवला, आणि ह्याला साधा राग येत नाही? येडाच दिसतो.

कल्याणी : आहे तसा.

आई : असलं मेषपात्र जावई म्हणून माझ्याच कपाळी असेल, तर असू दे. कर जा लग्न.

कल्याणी : आई! आत्ताच तर नाही म्हणालीस.

आई : लोणच्याची बरणी फुटून माझा तळवा कापला होता, तेव्हा तुझ्या बाबांनी आधी लोणचं किती सांडलं ते बघितलं.