खिडक्यांचा कारभारी

सगळ्यात आधी आल्या त्या आमच्या जाऊबाई. समारंभ पाचचा, आणि ह्या साडेतीनलाच खुर्ची धरून! वर मलाच विचारतात, "तू बोलणार म्हणजे आपण घरी कधी जाणार?" म्हटलं, दाराजवळ बसा. पण नाही, पहिलीच रांग हवी. असो. तर सन्माननीय अध्यक्ष ग्रंथपालसाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायला जमलोय त्या आमच्या कॉम्प्युटरच्या बाई, आणि वाचनालयाच्या वर्गातले माझे पांढऱ्या केसांचे सोबती, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी चौथीपर्यंत शिकलेली. पहिल्या दिवशीच बाईंना सांगितलं, "मला बाकी काही नको. लेक लांब असते, शनिवारी दुपारी तिचं तोंड दिसलं पाहिजे." तिचाच जुना कॉम्प्युटर घरी होता, रडतखडत चालणारा. बाईंनी त्यातली जुनी प्रणाली काढून लिनक्स घातलं आणि म्हणाल्या, "आजी, आता विंडो मॅनेजर तुम्ही निवडा." म्हणजे काय हो? तर पडद्यावर खिडक्या उघडतात ना, त्यातली कुठली कुठे बसेल, कोण पुढे, कोण मागे, हे बघणारा कारभारी. लिनक्समध्ये तो आपल्या पसंतीचा घेता येतो. मी म्हटलं, "अगंबाई! नवरा ठरवताना मला कुणी विचारलं नाही, आणि इथे तीन-तीन स्थळं?" बाई म्हणाल्या, "प्रत्येकाबरोबर एक आठवडा नांदा, मग सांगा." दुसरं कुणी आपल्या मनाने काहीतरी बसवून मोकळं झालं असतं, नाही का?

पहिला फार नटवा. खिडकी मिटली तरी ती झुलत झुलत जायची. पण आमचा कॉम्प्युटर म्हातारा, जिना चढल्यासारखा धापा टाकू लागला. दुसरा गुणी, साधा. त्याची खोड एकच. नवी खिडकी उघडली की ती जुनीवर पांघरूण घालायची.

त्या शनिवारी पडद्यावरून लेक म्हणाली, "आई, थांब गं, दूध उतू चाललंय." ती उठून गेली. बसून काय करायचं, म्हणून मी पत्त्यांचा खेळ उघडला. पडदाभर पत्तेच पत्ते, लेक कुठे दिसेना. मला वाटलं, ठेवला फोन. जाऊबाई शेजारी भाजी निवडत होत्या. त्यांना म्हटलं, "गेली. दुधाचं नुसतं निमित्त. चार वर्षं झाली, घरात पाऊल नाही. आता मी गेल्यावर येईल धावत." जाऊबाई म्हणाल्या, "असं बोलू नये गं." म्हटलं, "बोलू दे. ऐकायला कोण बसलंय इथे?"

गुरुवारी दुपारी दार वाजलं. बघते तर लेक आणि नात, हातात बॅगा! लेक गळ्यात पडली आणि म्हणाली, "आई, मी तिथेच होते गं. पत्त्यांच्या मागे. सगळं ऐकलं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खरं सांगू? आनंदही मावेना. चार दिवस राहिल्या दोघी. घर कधी नव्हे इतकं मोठं वाटलं, त्या गेल्यावर.

त्या होत्या तेव्हाच मी बाईंकडे तिसरा कारभारी मागून घेतला. तो खिडकीवर खिडकी ठेवतच नाही. फरश्या बसवाव्यात तशा सगळ्या शेजारी शेजारी, कुणी कुणाच्या मागे नाही. दोन उघडल्या की अर्धा अर्धा पडदा. नात म्हणाली, "आजी, हा किती रुक्ष दिसतो!" म्हटलं, असू दे. ह्यात एकच खिडकी उघडी ठेवली की तुझी आई पडदाभर. आता शनिवारी मी पत्ते उघडत नाही. ती दूध बघायला गेली तर तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसते. खुर्चीही चालते हो, तिचीच असली म्हणजे.

बाई, तुम्ही चाललात तुमच्या आईंकडे. त्यांची नजर अधू झालीय, म्हणून जवळ राहायला. इतक्या जणींना लेकी पडद्यावर दाखवल्यात, आणि स्वतः मात्र उठून खरोखरीच निघालात. तुमच्या आईंचा मला हेवा वाटतो. वाटू नये, पण वाटतो. त्यांना पडदा लागणार नाही, कारभारी लागणार नाही. हात पुढे केला की लेक. एक मागू? कधीतरी शनिवारी दुपारीच मला फोन करा. लेकीचा अर्धा पडदा तुम्हाला देईन. तो मी अजून कुणालाही दिलेला नाही.

ग्रंथपालसाहेब, मला उभं केलंत, उपकार झाले. ऐकून घेतलंत त्याबद्दल सगळ्यांची आभारी आहे. बोलता बोलता घरातलं बाहेर आलं असेल, कुणाला लागलं असेल, तर म्हातारीचं म्हणून पोटात घाला. आणि हो, लेक आणि नात निघताना दारात उभ्या राहून सांगून गेल्यात: पुन्हा येतोय, पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला, शनिवारी, सकाळच्या गाडीने.