आठशेची टेप

सुभेदार : कांपुटरच्या ह्या टेपंच्या खोक्यावर आठशे एमबी लिवलंय. ठळक लिवलंय. मी चष्मा लावून वाचलंय.

ज्ञानदा : काका, त्या आठशेच्या शेजारी बारीक चांदणी आहे. आता तळाशी बघा, मुंगीएवढ्या अक्षरांत. आठशे दाबून भरली तर. नुसती भरली तर चारशेच.

सुभेदार : मग दाब की! मिलिटरीत आमी होल्डॉलवर गुडघा दिऊन दाबायचो.

ज्ञानदा : दाबूनच भरतेय. निम्मे फोटो घेतले आणि टेप संपली.

सुभेदार : म्हंजी कंपनीनं फसिवलं.

ज्ञानदा : तसंही नाही. पत्रं, हिशेब असं काही असतं तर आठशे बसलंही असतं. तुमचे फोटो आपण स्कॅन करतानाच दाबून ठेवले होते. ‘ल्हान करून ठेव, जागा पुरंल’ म्हणत माझ्या खुर्चीमागं कोण उभं होतं?

सुभेदार : मी हुतो. जागा वाचीवली, त्यो गुन्हा झाला?

ज्ञानदा : गुन्हा नाही हो. पण चरकातनं निघालेलं चिपाड पुन्हा चरकात घातलं तर रस येतो का?

सुभेदार : ए बाई! आमच्या गावच्या जवानांस्नी चिपाड म्हनू नगंस.

ज्ञानदा : अहो, मी फाइलींना म्हणतेय!

सुभेदार : फाइलीत कोन हाय? पासष्टच्या लढाईत गेलेला मानसिंग हाय. अंबूबाईचं मालक हायती. पाटनपास्नं यष्टीनं हिंडून घरोघरचं फोटू गोळा केलं, पंधरा आगस्टला शाळंत लावायचं म्हनून. आता निम्म्यांस्नी रजा देऊ?

ज्ञानदा : दुसरी टेप सांगलीत मिळत नाही. पुण्याहून सोमवारी येईल.

सुभेदार : मग सोमवारी भर.

ज्ञानदा : ही कडकड ऐकताय? ती हार्डडिस्क आहे. सगळे फोटो हिच्यातच आहेत आणि ही सोमवार बघेल असं वाटत नाही. सकाळपासून तेच सांगतेय!

सुभेदार : आन् फ्लॉपीत?

ज्ञानदा : तीनशे लागतील. दुकानात वीस आहेत, त्यातल्या पाच खराब.

सुभेदार : लय भारी दुकान हाय तुजं.

ज्ञानदा : चिडून टेप वाढणार नाही, काका. मूळ फोटो ज्याच्या त्याच्या घरी आहेत ना? राहिलेले पुन्हा आणा, मी पुन्हा स्कॅन करते.

सुभेदार : समद्यांकडं कुठलं? कुनाचा वाळवीनं खाल्ला. मानसिंगाची आई माघात गेली. फोटू तिच्या उरावर ठिवला आन् तिच्यासंगंच जाळला.

(सुभेदार डिस्कच्या कडकडीकडं कान देतात.)

सुभेदार : भरल्याली टेप पुसता येती?

ज्ञानदा : येते.

सुभेदार : मग पुस. ज्यांचा कागदावरचा फोटू ऱ्हायला न्हाई, ते आदी भर. मी नावं सांगतो. बाकीचं मी परत हिंडून आनीन.

ज्ञानदा : सांगा. आणि हा पहिलाच फोटो, मिसरूड न फुटलेल्या पोराचा? तुमचाच ना? याचाही कागद गेला म्हणाला होतात.

सुभेदार : त्यो ऱ्हाऊ दे. मी हाय की अजून.